भाकरी आणि दारूगोळा एकाच ओळीत

सातारा-सांगलीकडच्या त्या पिढीतल्या म्हाताऱ्या बायकांना बेचाळीसच्या दिवसांबद्दल विचारलं, की ठरलेलं उत्तर यायचं. "आम्ही काय केलं? भाकरी थापल्या." एवढं बोलून त्या पुन्हा सुपातल्या जोंधळ्यातले खडे वेचायला लागायच्या. विचारणाराही वही मिटून सोप्यात बसलेल्या आजोबांकडं जायचा, कारण आजोबांकडं तारखा होत्या, तुरुंग होता, बंदूक होती. बायकांनी आपल्या कामाची जी किंमत सांगितली तीच आपण खरी मानली आणि इतिहासात उतरवून घेतली. त्यामुळं प्रतिसरकारच्या, म्हणजे ब्रिटिशांना डावलून गावोगाव चाललेल्या समांतर सरकारच्या, बायकांबद्दल आजही आपण "मोलाची साथ दिली", "मदतीचा हात दिला" असंच लिहितो. साथ आणि मदत हे शब्द इथं चुकीचे आहेत, आणि ती चूक साधी नाही, हे मला मांडायचं आहे.

आधी तो मुलूख डोळ्यांपुढं आणू. तेव्हाचा सातारा जिल्हा मोठा होता. आज सांगली जिल्ह्यात असलेले तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा हे भाग त्यातच होते. मधूनमधून औंधसारख्या संस्थानांची गावं विखुरलेली होती, आणि कुंडल हे औंधच्याच हद्दीतलं. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गोवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला, ९ तारखेच्या पहाटे पुढारी पकडले गेले, आणि पुढचा महिनाभर या जिल्ह्यात तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघत राहिले. ३ सप्टेंबरला तासगावचा मोर्चा झाला. ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं मेली. उघड मोर्चांचा रस्ता रक्तानं बंद झाला तेव्हा कार्यकर्ते भूमिगत झाले, आणि १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं. त्याची न्यायदान मंडळं होती, तुफान सेना हे लढाऊ दल होतं, कमी खर्चातली गांधी-विवाहाची पद्धत होती. सावकारांना, गुंडांना आणि खबऱ्यांना जरब बसली. हे सगळं १९४६ पर्यंत टिकलं. देशात इतरत्र उभी राहिलेली बहुतेक समांतर सरकारं त्याआधीच संपली होती. उत्तर प्रदेशातल्या बलियाचं तर काही दिवसांतच मोडलं.

सातारचं एवढा काळ का टिकलं? उत्तरात सह्याद्रीच्या डोंगररांगा सांगितल्या जातात, सत्यशोधक चळवळीनं आधीच नांगरून ठेवलेली जमीन सांगितली जाते, नाना पाटलांचं खेडुताच्या बोलीतलं वक्तृत्व सांगितलं जातं. हे सगळं खरं आहे. पण डोंगरात पीठ मिळत नाही.

एक हिशेब मांडून बघू. हिशेब माझा आहे, पण चुलीपुढं बसलेल्या कुणालाही तो पटेल. एका रात्री गावात वीस माणसं उतरली. माणशी तीन भाकरी, दोन वेळा. म्हणजे एकशेवीस भाकरी. एका भाकरीला शंभर ग्रॅमच्या आसपास पीठ धरलं तरी बारा किलो झालं. गावात गिरणी नाही, किंवा असली तरी तिथं अवेळी एवढं दळण नेलं की चौकशी आलीच. मग जातं. बारा किलो जोंधळा जात्यावर दळायला एकटीला निम्मी रात्र जाते, आणि जात्याची घरघर रात्रीच्या शांततेत चार घरं ओलांडून ऐकू जाते. पुढं एका भाकरीला दोन मिनिटं धरली तर थापून भाजायला चार तास. त्यात पाणी भरणं, सरपण, कोरड्यास आलंच. हे एका गावाचं, एका मुक्कामाचं. शिवाय काळ महायुद्धाचा. धान्याची टंचाई, लेव्ही म्हणजे सरकारची सक्तीची धान्यवसुली, रॉकेलची चणचण. ज्या कणगीतून हे धान्य निघत होतं, तीच कणगी पोरांना पावसाळाभर पुरवायची होती. किती पुरेल आणि कुणाच्या ताटातलं कमी करायचं, हे ठरवणारी बाईच होती.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढं आहे. खेड्यात कुणाच्या घरी किती वेळ जाळ चाललाय हे आळीतल्या सगळ्या बायकांना कळतं. धुरावरून, पाण्याच्या खेपांवरून, उष्ट्या भांड्यांच्या ढिगावरून कळतं. पुरुषांना एखादे वेळी कळणार नाही, शेजारणीला हमखास कळतं. म्हणजे ज्या घरात भूमिगत जेवून गेला, त्या घराचं गुपित कधीच त्या एका घराचं नव्हतं. आजूबाजूच्या दहा घरांतल्या बायकांनी ते आपापल्या पोटात ठेवलं म्हणून ते गुपित राहिलं. पोलीस पाटील गावात होता, खबरे होते, माहितीला पैसा होता. तरी महिनोन्महिने माणसं सापडली नाहीत. याला "घरोघरच्या माउलींचं प्रेम" म्हणून मोकळं होता येत नाही. ती संघटना होती. तिला सभासदपत्रिका नव्हती, शपथ नव्हती, नाव नव्हतं. पण शिस्त होती आणि फितुरीला जागा नव्हती.

शिवकाळाबद्दल लिहिताना आपण यालाच रसद म्हणतो आणि किल्ला कुणी लढवला याइतकंच रसद कुणी पोचवली याचंही कौतुक करतो. रसद तुटली की गड पडतो हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. बेचाळीसच्या सातारला येताच त्याच रसदेचं आपण "जेवणखाण" करून टाकतो.

ब्रिटिश सरकार मात्र या बाबतीत गाफील नव्हतं. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत कलम ५२-अ होतं, १९४२ सालच्याच एका दुरुस्तीनं आलेलं. गुन्हेगाराला आसरा देणं म्हणजे काय, याची व्याख्या तिथं होती. आसरा म्हणजे त्याला निवारा, अन्न, पेय, पैसा, कपडे, शस्त्रं, दारूगोळा किंवा प्रवासाचं साधन पुरवणं. ही यादी पुन्हा वाचावी. अन्न आणि दारूगोळा एकाच वाक्यात, चार-पाच स्वल्पविरामांच्या अंतरानं बसलेत. फरारी माणसाला काडतुसं देणारा आणि भाकरी देणारी, दोघंही कायद्याच्या लेखी एकाच व्याख्येत. ज्या साम्राज्याला ही चळवळ मोडायची होती, त्याला ती कशावर उभी आहे हे नेमकं कळलं होतं.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो खेड्यातल्या पारावरही येतो, विद्यापीठातल्या चर्चेतही येतो. बायकांनी हे देशासाठी केलं नाही, घरच्यांसाठी केलं. मुलगा, भाऊ, नवरा दारात उपाशी आला तर कुठली बाई त्याला जेवू घालणार नाही? त्यात क्रांती कुठली?

याचंही उत्तर त्याच कायद्यात आहे. आसरा देण्याच्या गुन्ह्याला (कलम २१२ आणि २१६) एक अपवाद ठेवलेला होता. नवऱ्यानं बायकोला किंवा बायकोनं नवऱ्याला आसरा दिला तर तो गुन्हा नाही. अपवाद एवढाच. आईला तो नव्हता, बहिणीला नव्हता, वहिनीला नव्हता, आणि परगावच्या अनोळखी पोराला ताट वाढणाऱ्या बाईला तर मुळीच नव्हता. प्रतिसरकारातली माणसं आपल्या गावात राहायची नाहीत. तिथंच तर पहिला छापा पडायचा. ती दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या आईच्या हातचं खाऊन राहायची. तेव्हा ही चळवळ सांभाळणाऱ्या बहुसंख्य बायका परक्या पोरांना जेवू घालत होत्या, आणि पकडल्या गेल्या असत्या तर गुन्हेगार ठरत होत्या. हे घरच्यांसाठी नव्हतं. आणि क्षणभर मानलं की घरच्यांसाठीच होतं, तरी काय बिघडतं? वडील तुरुंगात गेले म्हणून चळवळीत आलेल्या मुलाला आपण "घरच्यांसाठी आला" म्हणत नाही. त्याला वारसा म्हणतो.

शिवाय किंमत घरातच मोजली जायची. पुरुष डोंगरात होता, छापा घरावर पडायचा. उतरंडी फोडणं, धान्यात माती कालवणं, जनावरं ओढून नेणं, घराला सील ठोकणं हे सगळं बाईच्या डोळ्यांदेखत व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरात चूल तिलाच पेटवायची असायची. नाना पाटलांचं येडे मच्छिंद्रचं घर आणि जमीन सरकारनं जप्त केली, तेव्हा मागं उरलेल्यांत त्यांची म्हातारी आई आणि आईवेगळी वाढलेली लेक होती. त्या घराला काम देऊ नये अशी दहशत होती. बैलगाडीनं गूळ, शेंगा, जोंधळा वाहून भाड्याच्या पैशांवर त्यांनी दिवस काढले. ती लेक म्हणजे हौसाताई पाटील.

हौसाताईंचा एक प्रसंग आता बऱ्याच जणांना माहीत आहे, पण तो फार घाईनं सांगितला जातो. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली शस्त्रं पळवायची होती. ठाण्यासमोर भाऊ बहिणीला मारतोय असं सोंग रचलं. बहीण हौसाताई, भाऊ एक सोबती. मारहाण एवढी वाढली की आतले पोलीस सोडवायला बाहेर आले, आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांनी आतल्या बंदुका उचलल्या. सांगणारा इथं हसतो, ऐकणाराही हसतो, आणि गोष्ट बंदुकांबरोबर पुढं जाते.

मला ही गोष्ट तिथंच थांबवाविशी वाटते. बेत यशस्वी का झाला? कारण भर रस्त्यात पुरुष बाईला मारतोय यात कुणालाही काही संशयास्पद वाटलं नाही. रोज दिसणारं ते दृश्य होतं. बाईच्या वाट्याला येणारी नेहमीची मानहानी हेच त्या दिवशीचं हत्यार ठरलं, आणि ते चालवायला अंगावर खराखुरा मार घ्यावा लागला. हौसाताईंना तो बसला; सोबत्यानं जरा जास्तच मारलं अशी त्यांची तक्रार होती. आता या कारवाईत मुख्य काम कुणाचं? बंदुका उचलणाऱ्यांचं की ठाणं रिकामं करणारीचं? आपल्या सांगण्यात मात्र "बंदुका पळवल्या" या क्रियापदाचा कर्ता पुरुष असतो आणि हौसाताई "मदतीला" असतात.

याच हौसाताई १९४४ मध्ये पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात भूमिगत कामासाठी गेल्या होत्या. परतताना मध्यरात्री लाकडी पेटीवर बसून त्यांनी मांडवी नदी ओलांडली, सोबती बाजूनं पोहत होते. त्या नव्वदी पार करून २०२१ मध्ये गेल्या. तोवर त्यांची ओळख काय होती? "क्रांतिसिंहांच्या कन्या." हे विशेषण त्यांना अभिमानाचं होतं आणि त्यात गैर काही नाही. पण आपल्याला ठाऊक असलेली नावं कशी ठाऊक झाली, याचा धागा त्यात आहे.

ती नावं आठवून बघा. खानदेशातल्या लीलाताई पाटील. अमळनेरच्या बेचाळीसच्या उठावातल्या, शिक्षा झाल्यावर पोलिसांच्या पहाऱ्यातून निसटलेल्या, आणि १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याजवळ चिमठाण्याला सरकारी खजिना लुटण्याच्या कटात असलेल्या. पण आठवल्या जातात त्या उत्तमराव पाटलांच्या पत्नी म्हणून. इंदुताई पाटणकर. सोळा-सतरा वर्षांच्या वयात इंदोलीहून घर सोडून चळवळीत उतरल्या. पण ओळख दिली जाते ती आधी कासेगावच्या बाबूजी पाटणकरांची पत्नी म्हणून. मोठ्या पुरुषाच्या घरातली बाई त्याच्या उजेडात थोडी तरी दिसते. जिच्या घरात असा कुणी नव्हता, जी रामोशाच्या, मांगाच्या, महाराच्या, धनगराच्या घरातली होती, शेतमजूर होती, जिच्या झोपडीत भूमिगत माणूस यासाठीच थांबायचा की तिथं कुणी मोठ्या माणसाला शोधायला येणार नाही, तिच्यावर कुणाचाच उजेड पडला नाही. स्त्रियांच्या इतिहासाबद्दल तळमळीनं लिहिणारे आपणही पुढाऱ्यांच्या लेकी-सुना मोजून थांबतो, हे कबूल करायला हवं.

देशभराकडं नजर टाकली तर अजून एक गोष्ट दिसते. बंगालात मिदनापूर जिल्ह्यात तामलुकला १९४२ च्या डिसेंबरात ताम्रलिप्त जातीय सरकार उभं राहिलं. सातारच्या प्रतिसरकारचं ते जवळचं भावंड. तिथं बायकांच्या दलाला नाव होतं, भगिनी सेना. आपल्याकडं तसं नाव पडलं नाही, आणि नाव नसल्यानं नोंदीला खुंटी मिळाली नाही. पण तामलुकमधलंही देशभर पोचलेलं नाव कुठलं? मातंगिनी हाजरा. २९ सप्टेंबर १९४२ ला सत्तरी ओलांडलेली ती विधवा झेंडा घेऊन मोर्चाच्या पुढं चालत होती, गोळ्या लागल्या तरी झेंडा सोडला नाही. त्याच्या नऊ दिवस आधी आसामात गोहपूरला सतरा वर्षांची कनकलता बरुआ अशीच झेंडा घेऊन पडली. या दोघींपुढं माझं मस्तक झुकतं. पण देशाला लक्षात राहायला त्यांना मरावं लागलं, तेही हातात झेंडा असताना, चारचौघांत. जी जगली आणि तीन वर्षं रोज दळत राहिली, तिचं स्मारक कशाचं करायचं हे आपल्याला सुचत नाही.

आणि जिच्यावर अत्याचार झाले तिच्याबद्दल तर आपण बोलतच नाही. विदर्भात चिमूरला १६ ऑगस्ट १९४२ ला उठाव झाला, अधिकारी मारले गेले, आणि त्यानंतर आलेल्या लष्करानं आणि पोलिसांनी गावातल्या बायकांवर बलात्कार केले. त्याची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. चिमूरचा क्रांतिदिन आपण साजरा करतो, हुतात्म्यांची नावं वाचतो, भन्साळींचंही स्मरण करतो. पण त्या दिवसांत घराघरांत काय झालं हे भाषणांत "अनन्वित अत्याचार" या दोन शब्दांत उरकतो. त्या बायकांची नावं जाहीर करावीत असं मी म्हणत नाही. तो अधिकार त्यांचा होता. मात्र क्रांतीची किंमत सांगताना गोळीनं पडलेले मोजायचे आणि ही किंमत वगळायची, हा हिशेब खोटा आहे.

आता स्वतंत्र भारताच्या सरकारकडं वळते. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, १९७२ मध्ये, केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाची योजना आणली. १९८० मध्ये ती अधिक व्यापक झाली. पात्रतेच्या मुख्य अटी काय? किमान सहा महिने तुरुंगवास. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन महिने. किंवा सहा महिन्यांहून अधिक काळ भूमिगत, पण तेही फरारी म्हणून जाहीर झालेला असेल, पकडण्यासाठी बक्षीस लागलेलं असेल किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघून तो बजावता आला नसेल तर.

म्हणजे तुम्ही स्वातंत्र्यसैनिक होता की नाही हे ब्रिटिश पोलिसांच्या कागदानं ठरणार. आणि इथं चळवळीचाच तर्क उलटा फिरतो. जी बाई कामात चोख होती तिचं नाव पोलिसांच्या कागदावर कधी आलंच नाही. तिच्यावर वॉरंट नाही, बक्षीस नाही, तुरुंग नाही. सापडली नाही हाच तिचा पराक्रम होता आणि तेच तिच्या अपात्रतेचं कारण झालं. स्त्रियांसाठी सहा महिन्यांचे तीन महिने केले, त्यात सरकारची सद्भावना होती हे मान्य. पण मोजायचा गज तोच ठेवून त्याची लांबी तेवढी अर्धी केली. मोजायचं काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्यामुळं पेन्शनच्या यादीत बाई पुष्कळदा आली ती स्वातंत्र्यसैनिकाची विधवा म्हणून. ज्या घरातून दोघांनी मिळून सरकारला तोंड दिलं, त्या घरातली ती आधी "पत्नी" आणि मग "विधवा" झाली.

यावर सांगितलं जातं की कागद मागितला नसता तर खोट्यांची रांग लागली असती. लागली असती, यात शंका नाही. पण कागद मागूनही ती लागलीच. बीड जिल्ह्यातल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. खोट्या पुरुषाला कागद मिळवता आला, खऱ्या बाईला तो मिळवण्याची वाटच नव्हती. अशा व्यवस्थेला काटेकोर म्हणता येणार नाही.

प्रतिसरकारबद्दलही सरळ बोललं पाहिजे, कारण त्याच्या आदरापोटी आपण इथं गप्प बसतो. न्यायदान मंडळांपुढं बायका मोठ्या आशेनं गेल्या. नवऱ्यानं टाकलेली, गुंडानं छळलेली, दारूड्याला कंटाळलेली बाई ब्रिटिशांच्या कोर्टाची पायरी चढू शकत नव्हती, इथं ती गावातच दाद मागू शकत होती. आणि तिला दाद मिळायची, अनेकदा फार झटपट मिळायची. हे मोठं काम होतं. गावोगावच्या बायकांनी या सरकारला आपलं मानलं त्याचं एक कारण हेच असणार. पण पंच म्हणून कोण बसायचं? माझ्या वाचनात आलेली नावं पुरुषांचीच आहेत. बाई फिर्यादी होती, रसद होती, टपाल होती, पहारा होती; निवाडा देणारी नव्हती. दुसऱ्याच्या संसाराचा न्याय करण्याइतकं शहाणपण बायकांच्यात नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. त्यांना बोलावलं गेलं नाही, एवढंच.

याचे परिणाम १९४७ नंतर दिसले. त्याच भूमिगतांच्या फळीतून पुढं मंत्री झाले, मुख्यमंत्री झाले, खासदार झाले, साखर कारखाने आणि शिक्षण संस्था उभ्या राहिल्या. ती कामं मोठी आहेत, या भागाचा चेहरा त्यांनी बदलला. पण ज्या बायकांनी टंचाईच्या काळात धान्याचं, गुपिताचं आणि माणसांचं नियोजन करून दाखवलं होतं, त्यांना सोसायटीच्या किंवा पंचायतीच्या खुर्चीवर बसवावं असं फारसं कुणाला सुचलं नाही. पंचायतीत एक तृतीयांश जागा देशभर राखीव व्हायला १९९३ मध्ये लागू झालेली घटनादुरुस्ती यावी लागली. मधली पंचेचाळीस वर्षं त्या परत चुलीपुढं होत्या, आणि आता त्या चुलीला क्रांतीचं निमित्तही नव्हतं.

अपवाद आहेत, आणि म्हणूनच मला इंदुताई पाटणकर फार महत्त्वाच्या वाटतात. १९५२ मध्ये त्यांच्या नवऱ्याचा खून झाला. त्या कासेगावात राहिल्या, शिक्षिकेची नोकरी केली, मूल वाढवलं, चळवळ सोडली नाही. आणि पुढं उतारवयात त्यांनी कुठला प्रश्न हातात घेतला? परित्यक्तांचा. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांचा. चाळीस वर्षांपूर्वी न्यायदान मंडळापुढं जी बाई पदर सावरत उभी होती, तिचीच लेक-नात अजून तशीच उभी होती, आणि आता तर मंडळही नव्हतं. इंदुताईंनी हा प्रश्न नव्यानं शोधून काढला नव्हता. पुरुषांनी स्वातंत्र्य मिळालं म्हणून फाइल बंद केली, त्यांनी ती उघडी ठेवली.

आता त्या पिढीतलं जवळजवळ कुणी उरलं नाही. पेन्शनचा प्रश्न संपला. ज्यांना द्यायला हवी होती त्या गेल्या. नोंदीचा प्रश्न मात्र संपलेला नाही, आणि त्याला फार थोडा वेळ आहे. त्यांच्या लेकी-सुना आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. आईनं रात्री जात्याच्या खुंट्याला चिंधी कशी बांधली होती, पाटीत वैरणीखाली काय असायचं, कुणाच्या शेण्यांच्या हुडव्यात काय दडवलं होतं, हे ऐकलेलं शेवटचं माणूस म्हणजे त्या. त्यांच्यानंतर फक्त भाषणं उरतील.

या कामात एक अडचण आहे, ती बाहेरच्याला लक्षात येत नाही. १९४३ साली काम केलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी १९४५ मध्ये लग्न होऊन दुसऱ्या गावाला गेली. आडनाव बदललं, पुष्कळदा नावही बदललं. माहेरच्या गावात "ती अमक्याची पोरगी" एवढीच आठवण, तीही भाऊ असेपर्यंत. सासरच्या गावाला तिचं आधीचं आयुष्य ठाऊकच नाही, आणि सासूपुढं ते सांगण्याची सोयही नव्हती. गावागावानं हुतात्म्यांच्या आणि सैनिकांच्या याद्या केल्या तेव्हा ती दोन्ही याद्यांच्या मधल्या वाटेवर राहिली. पुरुषाचं गाव बदलत नाही म्हणून त्याचा इतिहास सापडतो. बाईचा शोधायचा तर दोन गावांना एकत्र बसावं लागेल.

ते अवघड नाही. ज्या गावांत प्रतिसरकार होतं त्या गावांच्या ग्रामसभांनी हे ठरवावं. कार्यकर्त्यांच्या आठवणींत "अमक्या गावी मुक्काम केला" असं जिथं जिथं लिहिलंय, तिथं तो मुक्काम कुणाच्या घरी होता हे विचारावं. घर सापडलं की त्या वेळी त्या घरात भाकरी थापणारी कोण होती हे विचारावं. पोलिसांच्या जुन्या दप्तरात आसरा दिल्याचे खटले शोधावेत. तिथं घरमालक म्हणून पुरुषाचं नाव असेल, पण जबाबात बाई बोललेली सापडेल. १९८० च्या सुमारास राज्यभर हुतात्मा स्मारकं बांधली गेली. त्यांतली कित्येक आज वर्षातून दोन दिवस उघडतात. त्यांच्या रिकाम्या भिंती याच कामाच्या आहेत. शाळेतल्या पोरांना हे काम द्यावं. पोरी आपल्या आज्यांना जे विचारतील ते संशोधकाला विचारता येणार नाही. आणि ९ ऑगस्टला स्मारकापुढं नावं वाचली जातात तेव्हा सैनिकांच्या यादीतच, वेगळं पान न करता, या बायकांची नावंही वाचावीत, माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही नावांनी.